५० मिलिमीटरच्या पोकळीला मालक हवा

स्कॉटलंडमध्ये नवे घर बांधायचे म्हटले की सांगाडा लाकडाचा, हे जवळजवळ गृहीतच असते. तिथली दहापैकी आठ-नऊ नवी घरे अशीच उभी राहतात. सीमा ओलांडून इंग्लंडमध्ये उतरले की हे प्रमाण एकदम दहात एखाद्या घरावर येते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला फरक कळतही नाही, कारण दोन्हीकडे दर्शनी भिंत विटांची किंवा गिलाव्याचीच असते. इंग्लंड मागे राहिले त्याला एक निमित्त झाले. १९८३ साली एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने तिथल्या लाकडी सांगाड्याच्या घरांतली ओल आणि ढिसाळ जोडकाम दाखवले. ग्राहक बिथरले आणि बांधणारे विटा-ब्लॉककडे परतले. स्कॉटलंडचे सुतार, कारखाने आणि तपासनीस मात्र तेच काम करत राहिले, आणि करता करता त्यात मुरले.

घराचा सांगाडा लाकडाचा करावा की विटा-ब्लॉकचा, हा प्रश्न सर्वात जास्त कुणाचा आहे, तर भाड्याची स्वस्त घरे बांधणाऱ्या संस्थांचा. आपल्याकडे ‘हाउसिंग सोसायटी’ म्हणजे फ्लॅटमालकांचे मंडळ. ब्रिटनची हाउसिंग असोसिएशन वेगळी आहे. ती घरे बांधते, मालकी स्वतःकडे ठेवते आणि बाजारभावापेक्षा कमी भाड्याने देते. नगरपरिषदांचीही अशी घरे असतात. एकट्या इंग्लंडमध्ये या घरांच्या प्रतीक्षायादीत सुमारे १३ लाख कुटुंबे आहेत, आणि गवंडी मिळत नाहीत ही तक्रार तिथल्या प्रत्येक साइटवर ऐकू येते.

माझे म्हणणे असे. तीन-चार मजल्यांपर्यंतच्या घरांसाठी या संस्थांनी लाकडी सांगाडाच निवडावा. पण भिंत बंद होण्याआधी ती तपासणारा माणूस स्वतःच्या पगारावर ठेवायची तयारी नसेल, तर निवडू नये.

आधी भिंत उघडून पाहू. आतून निघाले की पहिला १२.५ मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड. त्यामागे बऱ्याच ठिकाणी पट्ट्या ठोकून केलेली अरुंद जागा, वायरी आणि स्विचच्या पेट्यांसाठी. मग बाष्परोधक थर. मग खरा सांगाडा: ३८ बाय १४० मिलिमीटरचे उभे दांडे, ६०० मिलिमीटरच्या अंतराने, आणि मधल्या प्रत्येक खणात मिनरल वूल किंवा फोम. दांड्यांच्या बाहेरच्या अंगाला ९ मिलिमीटरचा ओएसबी, म्हणजे लाकडाच्या चपट्या ढलप्या दाबून केलेला बोर्ड. वाऱ्याच्या रेट्याने सांगाडा तिरका होऊ नये, हे काम या बोर्डाचे. त्यावर ब्रीदर मेंब्रेन, जी पावसाचे पाणी आत येऊ देत नाही पण आतली वाफ बाहेर सोडते. मग ५० मिलिमीटरची मोकळी पोकळी, आणि सर्वात शेवटी साधारण १०० मिलिमीटरची विटांची भिंत. ही वीट घराचे वजन घेत नाही. स्टेनलेस स्टीलच्या टायांनी ती सांगाड्याला धरून ठेवलेली असते आणि तिचे काम रेनकोटाचे.

वीट भार घेत नाही, यातूनच वेग येतो. पाया तयार झाला की कारखान्यातून आकडे टाकलेली पॅनेले ट्रेलरवर येतात. चार-पाच जणांची टोळी आणि एक क्रेन, एवढ्यावर दुमजली जोडघराचा सांगाडा छपराच्या कैच्यांसह आठवड्याच्या आत उभा राहतो. मेंब्रेन, छपराचे आच्छादन आणि खिडक्या बसल्या की आत वायरमन आणि प्लंबर कामाला लागतात, आणि गवंडी बाहेरून आपल्या गतीने वीट चढवत राहतो. ब्लॉकच्या घरात आतली भारवाही भिंत वर आल्याशिवाय कुणालाच पुढे सरकता येत नाही, आणि पारा ३ अंशांखाली गेला की मसाल्याचे कामच थांबते. ब्रिटनच्या हिवाळ्यात असे दिवस थोडेथोडके नसतात.

या वेगाचा लाभ खासगी बिल्डरपेक्षा भाड्याच्या घरांच्या मालकाला जास्त होतो, आणि ही गोष्ट चर्चेत फारशी येत नाही. बिल्डर घरे विकतो. बाजार महिन्याला चारच घरे उचलत असेल तर चाळीस घरे एकदम तयार ठेवून त्याला काय मिळणार? हाउसिंग असोसिएशनकडे मात्र भाडेकरूंची यादी आधीच तयार असते. घर पूर्ण झाले की आठवड्यात कुलूप उघडते, भाडे सुरू होते, अनुदानाचा अखेरचा हप्ता सुटतो.

एक हिशेब मांडून पाहू. समजा चाळीस घरे आहेत, घरामागे खर्च २ लाख पौंड, म्हणजे ८० लाखांचे काम, कर्जाचा दर ५ टक्के. घरे आठ आठवडे आधी ताब्यात आली आणि तोवर सगळे कर्ज उचललेले आहे असे धरले, तर वाचलेले व्याज सुमारे ६१,५०० पौंड. आठवड्याला ११० पौंड भाडे धरले तर आठ आठवड्यांचे ३५,२०० पौंड. दोन्ही मिळून घरामागे साधारण २,४०० पौंड. परांचीचे भाडे, साइटवरच्या केबिनी, पहारा यांतली बचत वेगळी. लाकडाचा सांगाडा ब्लॉकच्या भिंतीपेक्षा महाग पडतो, हे खरे आहे. तो फरक भरून काढायचा तो इथून.

पण हे पैसे आपोआप हाती येत नाहीत. नकाशे पक्के झाल्यापासून पॅनेले साइटवर येईपर्यंत दोन-तीन महिने जातात, आणि त्या काळात आराखडा हलता कामा नये. संडासाची पाइप दोन फूट सरकवायची असे सांगाडा उभा राहिल्यावर ठरले, तर मजल्याची कडी कापावी लागते, आणि इंजिनियरला न विचारता कापलेली कडी हा या बांधकामातला जुना रोग आहे. दुसरी अडचण पायाची. ब्लॉकचा गवंडी पायातली पंधरा मिलिमीटरची चूक मसाल्यात जिरवतो. पॅनेलला ती सोय नाही. पायाच्या डीपीसीवर, म्हणजे जमिनीतली ओल अडवणाऱ्या पट्टीवर, आधी तळपट्टी बसते आणि ती घरभर पाच-दहा मिलिमीटरच्या आत सपाट यावी लागते. फट राहिली तर जिथे जिथे भार उतरतो, त्या दांड्यांच्या खाली टणक पाचरी ठोकाव्या लागतात. खिडकीच्या बाजूच्या जोड-दांड्यांखाली पाचर विसरली, तर वर्षभराने वरच्या मजल्यावर दार घासायला लागते आणि कारण कुणालाच सापडत नाही. पाया घालणाऱ्याला हे तंत्र माहीत नसेल, तर वाचलेला आठवडा पहिल्याच आठवड्यात संपतो.

एक गोष्ट वेगळी ठेवावी. कारखान्यात अख्खी खोलीच्या खोली बनवून आणायची, तो प्रकार निराळा. त्यात ब्रिटनने मोठी ठेच खाल्ली. २०२३ च्या मे महिन्यात लीगल अँड जनरल या विमा कंपनीने आपल्या अशा मॉड्युलर कारखान्यातले उत्पादन थांबवायचे ठरवले, आणि जूनअखेर याच धंद्यातली इल्के होम्स दिवाळखोरीत गेली. एवढ्या मोठ्या कारखान्याला वर्षभर न थांबणारे काम लागते आणि घरबांधणीचे काम तसे येत नाही. सपाट पॅनेलचा कारखाना त्यामानाने साधा असतो: करवती, खिळ्यांचे यंत्र, लांब टेबले. एक पुरवठादार बुडाला तर त्याच नकाशांवरून दुसरा पॅनेल बनवू शकतो. तरीही आगाऊ पैसे मोजताना कारखान्यात पडून असलेला माल संस्थेच्या नावावर झाला आहे, असा कागद हातात घ्यावाच.

आता भाडेकरूच्या बाजूने. त्याला सांगाड्याशी देणेघेणे नसते, विजेच्या आणि गॅसच्या बिलाशी असते. इंग्लंडच्या २०२१ च्या नियमांत बाहेरच्या भिंतीचे नमुना यू-मूल्य ०.१८ आहे, म्हणजे आतबाहेर एक अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून ०.१८ वॉट उष्णता निसटते. १४० मिलिमीटरच्या दांड्यांत नुसते मिनरल वूल भरले तर हे मूल्य ०.२७ च्या आसपास येते, कारण प्रत्येक दांड्यातून थोडी उष्णता वाट काढते. म्हणून आतल्या अंगाला फोमचा आणखी एक सलग थर द्यावा लागतो. नॉर्विचच्या नगरपरिषदेने गोल्डस्मिथ स्ट्रीटवर शंभराच्या आसपास भाड्याची घरे लाकडी सांगाड्यात पॅसिव्हहाउस दर्जाची, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत ऊबदार राहणारी, बांधली. २०१९ साली वास्तुकलेचे स्टर्लिंग पारितोषिक त्या वसाहतीला मिळाले. गरिबांसाठीची घरे देखणी आणि ऊबदार दोन्ही होऊ शकतात, हे त्या वसाहतीत जाऊन कुणालाही पाहता येते.

पण घर जितके हवाबंद, तितकी वाफ कोंडते. २०२० साली रॉचडेलमध्ये संस्थेच्या फ्लॅटमधल्या बुरशीमुळे दोन वर्षांचे मूल दगावले आणि पुढे त्यातून घरमालकांवर मुदतीत दुरुस्तीची सक्ती करणारा कायदा झाला. हा दोष लाकडी सांगाड्याचा नव्हता, पण इशारा सर्वांना आहे. लाकडी भिंतीत वाफेचा नियम सोपा असतो: आतल्या थरांनी वाफेला जेवढी आडकाठी करायची, ती बाहेरच्या थरांच्या निदान पाचपट हवी. आतला बाष्परोधक थर वायरमनने सुरीने फाडला आणि टेप न लावता बोर्ड ठोकला, तर उबदार वाफ थेट ओएसबीच्या थंड पाठीवर जाऊन पाणी होते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला पोषक जमीन मिळते. बोर्ड लावायच्या दिवशी ओलमापक टोचून आकडा १८-२० च्या खाली आहे ना, हे प्रत्येक खोलीत पाहिले पाहिजे. पावसात भिजलेली पॅनेले वाळायला चार दिवस द्या म्हटले की सगळ्यांना घाई होते. ते चार दिवस द्यावेतच.

आता आगीकडे वळू, कारण विरोधकांचा मुख्य मुद्दा तोच आहे आणि तो पोकळ नाही.

जाड तुळई जळताना वरून कोळसा होते आणि आतला गाभा टिकतो, हे लाकडाच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. वाड्यातल्या सागवानी तुळईला ते लागू आहे. ३८ मिलिमीटरच्या दांड्याला नाही. नरम लाकूड मिनिटाला साधारण ०.६५ ते ०.८ मिलिमीटर कोळशात जाते आणि दोन्ही बाजूंनी पेटलेला बारीक दांडा अर्ध्या तासात संपतो. इथे घर वाचवतो तो जिप्सम बोर्ड. जिप्समच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाणीच असते आणि ते उडून जाईपर्यंत मागचे लाकूड तापत नाही. एक थर साधारण अर्धा तास देतो. तासभराची हमी हवी असेल तिथे दोन थर लागतात, सांधे एकमेकांवर न येऊ देता.

ब्रिटनने हे केवळ कागदावर सोडले नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी कार्डिंग्टनच्या, हवेत तरंगणाऱ्या एअरशिपच्या जुन्या हँगरमध्ये लाकडी सांगाड्याची सहा मजली इमारत खरोखर उभारून एका फ्लॅटला आग लावून पाहिली. आग त्या फ्लॅटच्या बाहेर तासभर गेली नाही. चाचणी यशस्वी झाली, आग विझवली. आणि काही तासांनी पोकळीत धुमसत राहिलेल्या ठिणगीने पुन्हा पेट घेतला. त्या प्रयोगाचा सर्वात मोलाचा धडा हा दुसऱ्या पेटण्याचा आहे.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या वूस्टर पार्क भागात लाकडी सांगाड्याची चार मजली इमारत काही मिनिटांत ज्वाळांनी वेढली गेली. २३ घरे गेली. रहिवासी वेळेत बाहेर पडले म्हणून जीवितहानी टळली. पोकळीतले अग्निअडथळे काही ठिकाणी नव्हते, काही ठिकाणी नीट बसवलेले नव्हते.

हे अडथळे म्हणजे काय? प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेली मिनरल वूलची लांब गुंडाळी. ५० मिलिमीटरच्या पोकळीसाठी ती साधारण ६५ मिलिमीटर जाड घेतात, म्हणजे वीट चढली की दाबून घट्ट बसते. प्रत्येक खिडकी-दाराभोवती, छपराच्या कडेला, सामाईक भिंतीच्या रेषेवर आणि मजल्यांच्या पातळीवर ती सलग हवी. माल स्वस्तातला. चुका मात्र ठरलेल्या: दोन तुकड्यांच्या मधे चार बोटे अंतर राहते, कोपऱ्यावर गुंडाळी वळवण्याऐवजी तोडून सोडून दिलेली असते, विटेची रेघ बाहेर गेल्यामुळे पोकळी ७५ मिलिमीटरची झालेली असते आणि ६५ ची गुंडाळी तिच्यात लोंबकळते. परांचीचा टाय काढताना भोक पडते आणि ते कुणी बुजवत नाही.

आता कंत्राट वाचा. सांगाडा बनवणारा एक, उभा करणारा त्याचा उपकंत्राटदार, वीट लावणारा दुसरा, खिडक्या बसवणारा तिसरा. गुंडाळी सांगाड्याला स्टेपल करायची म्हणजे ती उभारणाऱ्याची. पण ती घट्ट बसते विटेमुळे, म्हणजे गवंड्याची. खिडकीवाल्याला जागा हवी म्हणून तो ती उचकटतो. दोष कुणाचा? हा अडथळा कुठल्याच कारागिराच्या धंद्यात मोडत नाही, आणि वीट चढली की तो पुढची साठ वर्षे कुणाला दिसत नाही. १८ मीटर किंवा सात मजले आणि त्याहून उंच इमारतींवर २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने नोंदींची कडक सक्ती केली. दुमजली-तिमजली भाड्याची घरे त्या सक्तीत येत नाहीत. म्हणजे इथे कायदा हात धरणार नाही, मालकालाच धरावा लागेल.

म्हणून कंत्राटात तीन थांबे लिहावेत आणि प्रत्येक थांब्याला पैशाचा हप्ता बांधावा. पहिला थांबा तळपट्टी बसल्यावर: सपाटी, पाचरी, आणि सर्वात खालचे लाकूड बाहेरच्या जमिनीपासून १५० मिलिमीटर वर आहे ना. दुसरा, वीट चढण्याआधी: मेंब्रेनचे जोड, टाय, अग्निअडथळे, आणि ओएसबीचे खिळे. खिळे कडेला १५० मिलिमीटरवर आणि मधल्या दांड्यांवर ३०० मिलिमीटरवर हवेत. हवेच्या दाबाची बंदूक जास्त जोराची लावली की खिळ्याचे डोके बोर्डाची वरची साल फोडून आत शिरते. दुरून खिळा लागलेला दिसतो, पण तिथे बोर्डाची ताकद गेलेली असते. तिसरा थांबा जिप्समच्या आधी: ओलेचा आकडा, वूलमधल्या फटी, बाष्परोधकाचे टेप. प्रत्येक घराचा, प्रत्येक भिंतीचा फोटो, घराच्या आकड्यासह. कारखान्यातूनच दोन्ही बाजूंनी बंद होऊन येणारी पॅनेले घेतली, तर तिसरा थांबा कारखान्यात जाऊन करावा लागेल. साइटवर उघडायला काहीच उरत नाही.

घर ताब्यात आल्यावरही काही पथ्ये आहेत. लाकूड वाळते तसे तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते, म्हणून आडव्या पट्ट्या आणि कड्यांची उंची कमी होते. मजल्यागणिक सहा-आठ मिलिमीटर सांगाडा खाली येतो, वीट जागची हलत नाही. म्हणून खिडकीच्या उंबरठ्याखाली आणि छपराच्या कडेखाली फट सोडलेली असते. ती फट पाहून एखादा प्रामाणिक दुरुस्तीवाला सिमेंटने बुजवतो आणि पुढच्या वर्षी खिडकी वाकडी होते. त्याहून वाईट चूक म्हणजे विटांची दुहेरी भिंत समजून पोकळीत उष्णतारोधक माल पंप करणे. लाकडी सांगाड्याची पोकळी पाणी वाहून जाण्यासाठी आणि वाळण्यासाठी मोकळी ठेवलेली असते. ती भरली की लाकूड कुजायला लागते. म्हणून संस्थेच्या नोंदवहीत प्रत्येक घरापुढे सांगाडा कशाचा, हे लिहिलेले असावे. जुन्या घरांची नोंद नसेल तर माळ्यावर चढून सामाईक भिंत पाहावी. तिथे ब्लॉकऐवजी जिप्सम बोर्ड दिसला, तर घर बहुधा लाकडाचे आहे.

उणिवा आहेत. फ्लॅटच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या पावलांचा धपधप आवाज काँक्रीटपेक्षा जास्त जाणवतो. तरंगता मजला आणि लवचिक पट्ट्यांवरचे छत दोन्ही नीट केले तरी मुलांच्या उड्या ऐकू येतातच. आणि हलक्या भिंती दुपारची उष्णता साठवून ठेवत नाहीत. २०२२ च्या जुलैत इंग्लंडमध्ये पारा ४० अंशांवर गेला तेव्हा वरच्या मजल्यांवरचे लोक होरपळले. छज्जे, बाहेरच्या झडपा आणि समोरासमोरच्या खिडक्या यांवरचा खर्च पहिल्या दिवशीच धरला पाहिजे.

महाराष्ट्रात हेच करावे का, असे कुणी विचारेल. जसेच्या तसे नाही. कोकणात किंवा मुंबईत दमट हवा बाहेर असते आणि एसी लावलेली थंड खोली आत, म्हणजे वाफ उलट्या दिशेने भिंतीत शिरते. स्कॉटलंडचा बाष्परोधक थर इथे चुकीच्या अंगाला पडेल. वाळवीचा प्रश्न त्यावर. केंद्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ पासून घातलेली लाकूडवापराची बंदी २०२० मध्ये उठवली, तरी लागवडीच्या प्रमाणित लाकडाचा पुरवठा आणि हे काम येणारे सुतार आधी उभे राहावे लागतील. तपासणीचे तीन थांबे मात्र म्हाडाच्या काँक्रीटच्या इमारतीतही आजपासून लावता येतील. स्लॅब ओतण्याआधी सळईचे कव्हर, म्हणजे सळईवर काँक्रीटचा पुरेसा थर येईल ना, हे पाहणे हा त्यातलाच प्रकार आहे.

राहिला तपासनिसाच्या पगाराचा प्रश्न. ब्रिटनमध्ये या माणसाला क्लार्क ऑफ वर्क्स म्हणतात. डिझाइन आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे देण्याची पद्धत रूढ झाली आणि खर्च वाचवायला बऱ्याच मालकांनी हे पद काढून टाकले. कंत्राटदार स्वतःचे काम स्वतःच तपासून सही करू लागला. वरच्या चाळीस घरांच्या उदाहरणात नऊ महिन्यांसाठी असा माणूस ठेवायला, समजा, ४०,००० पौंड लागले, तर घरामागे १,००० पौंड झाले. आठ आठवडे वाचल्यामुळे घरामागे २,४०० हाती आले होते. ते त्याच भिंतीच्या वेगातून आलेले पैसे आहेत, आणि त्यातला पहिला हिस्सा त्याच भिंतीच्या पोकळीवर नजर ठेवणाऱ्याचा आहे. अर्थसंकल्पात त्याचे नाव क्रेनच्या ओळीशेजारी लिहावे, आणि कंत्राटदाराने किंमत कमी करायला सांगितली तरी ती ओळ खोडू नये.